पूर येतोय, हे बाईला कोण सांगणार?

(पूरप्रवण भागातल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सत्राच्या कागदावर 'कृत्रिम बुद्धिमत्ता व नद्यांच्या पुराचा पूर्वअंदाज' असं भारदस्त नाव छापलं आहे. यंत्रांचं इंजिनिअर बघतील, आपण पूर ओसरला की चादरी, धान्य आणि सॅनिटरी पॅड घेऊन जाऊ, अशी कामाची वाटणी वर्षानुवर्षं चालत आली आहे. आपणही ती फारशी कुरकुर न करता चालवून घेतली. पण पूर येण्याआधीचे दोन-तीन दिवस कुणाच्या हातात असतात, त्या दिवसांत कुणाला काय कळतं आणि कुणाला काहीच कळत नाही, हा प्रश्न इंजिनिअरांइतकाच आपलाही आहे. म्हणून आज थोडं यंत्राबद्दल आणि पुष्कळसं माणसांबद्दल बोलणार आहे.

आधी यंत्र. पुराचा अंदाज सांगायची सरकारी पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १९५८ साली दिल्लीत यमुनेवरच्या जुन्या रेल्वे पुलापाशी तिची सुरुवात झाली. आज केंद्रीय जल आयोग देशात तीनशेहून जास्त ठिकाणांसाठी अंदाज देतो. मूळ तत्त्व साधं आहे. वरच्या अंगाला नदी किती चढली ते मोजायचं, ते पाणी खाली यायला किती तास लागतात हे अनुभवाने ठाऊक असतं, त्यावरून खालच्या गावाला सांगायचं. आता त्यात पावसाचं गणितही धरतात. पण वर मोजायला उपकरण पाहिजे, माणूस पाहिजे, त्या जागेची बऱ्याच वर्षांची नोंद पाहिजे. जगातल्या बहुतेक नद्यांवर असं मोजणारं कुणी नाही, आणि गरीब मुलखात तर नाहीच.

२०१८ मध्ये गूगल कंपनीने केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने बिहारमध्ये पाटण्याच्या परिसरात संगणकाकडून अंदाज काढायचा प्रयोग सुरू केला. २०२० पर्यंत तो भारतभर नेला, बांगलादेशातही नेला. पुढे अनेक देश त्यात आले. मार्च २०२४ मध्ये या संशोधकांचा निबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. त्यांनी जगभरातल्या ५,६८० मोजणी-ठाण्यांच्या जुन्या नोंदी संगणकाला शिकवल्या. मग ज्या नदीवर एकही ठाणं नाही, तिथे तो काय सांगतो ते तपासलं. निष्कर्ष असा की त्याचा पाच दिवस आधीचा अंदाज हा तोवरच्या प्रमुख जागतिक पद्धतीच्या त्याच दिवशीच्या अंदाजाइतका भरवशाचा ठरतो. पाच दिवस म्हणजे किती, हे पुराच्या पाण्यातून म्हैस बाहेर काढलेल्या बाईला वेगळं समजावून सांगायला नको.

हे यंत्र करतं काय? त्याला नदीचे नियम कुणी पाठ करून देत नाही. किती पाऊस पडला, ऊन किती होतं, जमीन कशी, उतार कसा, आणि त्यानंतर नदीला किती पाणी आलं, अशा लाखो जोड्या त्याच्यापुढे ठेवतात. चुकत चुकत ते त्यांच्यातला संबंध पकडायला शिकतं. यातली खुबी त्याच्या स्मरणात आहे. मृगाचा पाऊस जमीन पिऊन टाकते, तेवढाच पाऊस श्रावणात पडला की तो तसाच ओढ्याला लागतो, कारण जमिनीचं पोट भरलेलं असतं. म्हणजे आज नदीला किती पाणी येणार हे आजच्या पावसावर ठरत नाही, गेल्या दोन महिन्यांच्या पावसावर ठरतं. हे लांबचं लक्षात ठेवू शकणारी संगणकीय रचना १९९७ सालीच कागदावर मांडलेली होती, पुराच्या कामी ती अलीकडे आली. आपल्या आज्ज्यांना हे संगणकावाचून ठाऊक होतं. फरक इतकाच, की आज्जीला एक नदी माहीत होती आणि यंत्राला हजारो माहीत आहेत. नदी किती चढणार हे कळलं, की दुसरं गणित जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा घेऊन पाणी कुठवर पसरेल ते सांगतं. सपाट मुलखात इथे फूटभर चूक झाली तरी एखादी अख्खी वस्ती आत किंवा बाहेर जाते, आणि नकाशात सर्वांत ढोबळ नोंद असते ती नेमकी गावकुसाबाहेरच्या, ओढ्याकाठच्या वस्तीची.

'हे सगळं कंपन्यांचं खूळ आहे' असं म्हणून मोकळं होणाऱ्यांपैकी मी नाही. पाच दिवस आधी कळत असेल तर ते आपल्याला हवंच आहे. प्रश्न पुढचा आहे.

१९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. एक लाखाहून जास्त माणसं गेली. तो नदीचा पूर नव्हता, समुद्राचं पाणी होतं, पण आपल्यासाठी त्यातला एक आकडा महत्त्वाचा आहे. त्यानंतरच्या अभ्यासात दिसलं की वीस ते चव्वेचाळीस वयाच्या बायकांत दर हजारी ७१ मृत्यू झाले, आणि त्याच वयाच्या पुरुषांत १५. एकच वादळ, एकच किनारा. इशारा दिलेला नव्हता असंही नाही. बायका घरात थांबल्या, कारण नवरा आल्याशिवाय निघायची रीत नव्हती. पदराला मुलं होती. निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी असणार होती. साडी पाण्यात पायांना गुंडाळते. पोहायला मुलींना कुणी शिकवलं नव्हतं. या यादीतलं कुठलं कारण नदीकाठच्या आपल्या गावात लागू नाही, ते मला दाखवा. बांगलादेशाने त्यातून धडा घेतला. त्यांच्या वादळ पूर्वतयारी कार्यक्रमात आज हजारो स्वयंसेवक आहेत आणि त्यात साधारण निम्म्या बायका आहेत. बाईने बाईच्या दारात जाऊन सांगायचं, अशी ती रचना आहे.

आता आपल्याकडचा इशारा कुठे येतो? मोबाइलवर. गूगलचा मोबाइलवर, जल आयोगाने २०२३ मध्ये 'फ्लडवॉच' नावाचं ॲप काढलं तेही मोबाइलवर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारलं होतं, स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्यापाशी आहे का. देशभरात ५४ टक्के बायकांनी हो म्हटलं. इंटरनेट कधी तरी वापरलंय असं सांगणाऱ्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. हा प्रयोग ज्या बिहारात सुरू झाला तिथे तर पाचातल्या जेमतेम एका बाईने कधी तरी इंटरनेट वापरलं होतं. त्यानंतर आकडे वर गेले असतील, जायलाच हवेत. पण घरातला चांगला फोन कुणाच्या खिशात असतो, सुनेच्या फोनमध्ये रिचार्ज कोण मारतं, मुलीने फोनला हात लावला की काय ऐकावं लागतं, यासाठी मला सर्वेक्षण काढून दाखवायची गरज नाही. त्यातल्या त्यात २०२३ पासून सरकारने जी मोठ्याने वाजणाऱ्या संदेशाची पद्धत आजमावली, ती टॉवरच्या टापूतल्या चालणाऱ्या सगळ्या फोनवर एकदम येते, इंटरनेट लागत नाही. मला ती जास्त कामाची वाटते. पण तीही फोन घरात असेल तर.

समजा, एक बाई डोळ्यांपुढे आणा. नदीपासून दोन शेतं सोडून घर. नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, वयात आलेली मुलगी, दोन म्हशी. दुपारी नवऱ्याच्या फोनवर संदेश येतो. तो टपरीवर चार जणांना दाखवतो, चौघं म्हणतात, 'दर वर्षी येतंय असलं.' संध्याकाळी घरी आल्यावर तो सांगेल किंवा नाही सांगणार. समजा सांगितलं. मग बाईपुढे काय असतं? म्हशी सोडून जायचं तर डेअरीचे पैसे, म्हणजे घरातली तिच्या हातातली एकुलती एक रोख कमाई, सोडून जायचं. निवाऱ्यात जनावरांना जागा आहे का, वैरण आहे का, कुणी सांगत नाही. सासूला उचलायला गाडी पाहिजे. ज्या शाळेत नेऊन ठेवणार तिथल्या संडासाला आतून कडी आहे का, रात्री दिवा असतो का, यावर ती मुलीला घेऊन निघणार की नाही हे ठरतं. रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पुस्तक कपाटात, आणि किल्ली नवऱ्याकडे. संगणकाने पाच दिवस दिले तरी त्यातले साडेचार असे जातात. घराबाहेर पडायचा निर्णय तिने एकटीने घेतला आणि पाणी आलंच नाही, तर पुढचं वर्षभर तिला काय ऐकावं लागेल, तेही धरा हिशोबात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पंचगंगेने कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४३. नदीकाठच्या माणसांनी मनात एक खूण धरलेली होती, २००५ सालच्या पुराची. तेव्हा पाणी पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या पुढे येत नसतं. २००५ ला सांगलीत ५३ फुटांच्या आसपास पाणी थांबलं होतं. या वेळी ते थांबलं नाही. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि सतरा जण गेले, त्यात बायका आणि मुलंच जास्त. शेवटपर्यंत घरात कोण थांबतं, याचं उत्तर त्या बोटीत होतं. पुराचं पाणी घराला लागल्यावर बोटीने काढावं लागणं हेच मुळात इशारा वाया गेल्याचं लक्षण आहे.

आणि गंमत पाहा, गंमत म्हणायची सवय म्हणून म्हणते, यंत्रही त्या गावकऱ्यांसारखंच जुन्या खुणांवरून शिकतं. पूर्वी न पाहिलेला पाऊस पडला की तेही चाचपडतं. हवामान बदलाच्या काळात न पाहिलेलंच जास्त पडणार आहे.

आणखी एक गोष्ट यंत्राला दिसत नाही, ती म्हणजे माणसाचा निर्णय. आपल्या नद्यांवर कोयना, वारणा, राधानगरी, खाली कर्नाटकात अलमट्टी अशी धरणं आहेत. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी भरलं की आपोआप उघडतात. बाकीच्या ठिकाणी दरवाजे कधी आणि किती उघडायचे हे माणसं ठरवतात. पाऊस आभाळातून पडतो, विसर्ग मात्र कचेरीतून सुटतो. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराच्या कारणांचा अभ्यास करून २०२० मध्ये अहवाल दिला, त्यावर वाद झाले, ते आज नको. मुद्दा एवढाच की धरणातून सोडायच्या पाण्याचं वेळापत्रक यंत्राला कुणी दिलं नाही, तर त्याचा अंदाज धरणाखालच्या गावाला अर्धवटच लागू पडतो. बिहारचं उदाहरण याहून कडू आहे. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहा इथे कोसी नदीचा बांध फुटला आणि लाखो माणसं बेघर झाली. तेव्हा नदीत पाणी बांधाच्या क्षमतेच्या मानाने कितीतरी कमी होतं. नदीची पातळी सांगणारं कितीही हुशार यंत्र त्या दिवशी गप्पच बसलं असतं. बांधाची डागडुजी झाली नव्हती, हे त्याला कोण सांगणार? तेव्हा आता यंत्र आलं आहे म्हणून बांध, नदीपात्रातला भराव, पूररेषेतली बांधकामं यांचे प्रश्न विचारायचं आपण थांबवू, अशी कुणाची समजूत असेल तर ती वेळीच दूर करावी.

खोट्या इशाऱ्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तज्ज्ञांच्या बैठकीत हा विषय फक्त आकड्यांत येतो. यंत्र कधीच 'पूर येणार' असं ठामपणे म्हणत नाही, ते शक्यता सांगतं. किती शक्यता असली की भोंगा वाजवायचा, हे माणूस ठरवतो. लवकर वाजवला तर पुष्कळदा पाणी येणार नाही. उशिरा वाजवला तर एखाद्या वेळी सांगायचंच राहून जाईल. दोन्ही एकदम टाळता येत नाही, हे त्या गणिताचंच बंधन आहे. मग कुठली चूक परवडते, हे कुणाला विचारून ठरवायचं? फुकट वाजलेल्या भोंग्याची किंमत चूल मोडून, धान्य माळ्यावर चढवून, एक दिवसाची मजुरी बुडवून बाई भरते. न वाजलेल्या भोंग्याची किंमतही तीच भरते. त्यामुळे माझं म्हणणं असं की इशाऱ्याच्या पायऱ्या असाव्यात आणि प्रत्येक पायरीला करायचं काम ठरलेलं असावं. पहिल्या पायरीला फक्त कागद, औषधं, बाळंतीण आणि आजारी माणसं हलवायची. दुसरीला जनावरं. तिसरीला सगळं गाव. आणि या पायऱ्या ठरवताना ग्रामसभेच्या आधी महिला सभेत हा विषय आला पाहिजे. फुकट निघावं लागलं तर बुडालेली मजुरी कोण देणार, हेही तिथेच विचारायला हवं. यावर हसणारे भेटतील. रोजगार हमीवर सुद्धा एके काळी हसणारे होतेच.

आता एक नाजूक मुद्दा, थोडा आपल्यातलाच. बिहारमध्ये युगांतर ही संस्था आणि येल विद्यापीठाचे संशोधक यांनी गावातलेच स्वयंसेवक नेमून हे इशारे घरोघर पोचवायचं काम करून पाहिलं. गावात असं माणूस असलं की पाणी दारात येण्याच्या आधी इशारा जास्त घरांत पोचतो, असं त्यांना दिसलं. आपल्याला यात नवल वाटत नाही. पण याचा पुढचा अर्थ सरकारी परिपत्रकात कसा निघतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. 'शेवटच्या घरापर्यंत माहिती पोचवण्यासाठी आशा, अंगणवाडी सेविका व बचत गटांची मदत घ्यावी.' मदत! म्हणजे उपग्रहाला पैसे, संगणकाला पैसे, सल्लागाराला पैसे, आणि रात्री अकराला चिखलातून टॉर्च घेऊन दारोदार जाणारीला चहा. वर तिचं स्वतःचं घर त्याच पूररेषेत. बाईने बाईला सांगावं हे मी आत्ताच म्हटलं आणि त्यावर ठाम आहे. पण ते काम म्हणून, मानधन, विमा, गमबूट, रेनकोट आणि चार्ज केलेला फोन यांच्यासकट. 'सेवाभाव' हा शब्द ज्या परिपत्रकात येतो त्यावर सही करू नका.

जबाबदारीचं काय, हा प्रश्न एका मैत्रिणीने चिठ्ठी पाठवून विचारला आहे. सरकारी अंदाज चुकला तर निदान तहसीलदाराच्या दारात बसता येतं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो. कंपनीचा अंदाज चुकला तर आपण कुठल्या दारात बसणार? आज तरी कायद्याने इशारा देणं, लोकांना हलवणं ही जबाबदारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात तशी व्यवस्था आहे. अंदाज कुणाच्याही यंत्राने काढलेला असो, आपण त्याच दारात जायचं. कंपनीचा नकाशा फोनवर सगळ्यांना दिसतो, एवढ्याने प्रशासन सुटत नाही.

शेवटी कामाचं. जूनच्या आधी प्रत्येकीने आपल्या गावात तीन ठिकाणी जाऊन यावं. एक, पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात: धरणातून पाणी सोडण्याआधी कोणत्या गावाला, कोणाच्या फोनवर, किती तास आधी कळवतात, ते लेखी घ्यायचं आणि त्या यादीत बचत गटाच्या अध्यक्षांचे, एकट्या राहणाऱ्या बायकांचे नंबर घालून घ्यायचे. दुसरं, ज्या शाळेत निवारा असतो तिथे, संडास आणि कड्या बघायला. तिसरं, नदीच्या सर्वांत जवळच्या वस्तीत, बहुधा ती कुणाची असते हे तुम्हाला सांगायला नको. तिथे नदी किती फूट झाली की कुठल्या घराला पाणी लागतं ते म्हाताऱ्या बायकांना विचारून भिंतीवर रंगाने खुणा करायच्या. यंत्र '४७ फूट' म्हणेल, तर ४७ म्हणजे कुणाच्या चुलीपर्यंत, हे त्या खुणेवरून कळेल. हा नकाशा कुठल्याही उपग्रहाजवळ नाही.

आणि पूर येऊन गेला की पंचनाम्याच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला चार गोष्टी विचारून लिहून घ्यायच्या: इशारा कळला का, कधी कळला, कुणाकडून कळला आणि घरातून निघायचं कुणी ठरवलं. पंचनाम्यात भिंती आणि जनावरं मोजतात, सानुग्रह अनुदान कुटुंबप्रमुखाच्या खात्यावर जातं, पण हे चार रकाने मी अजून कुठल्या सरकारी फॉर्मवर पाहिलेले नाहीत. संगणकाला शिकवायला लाखो नोंदी लागतात म्हणतात ना, मग या नोंदी आपण जमवू. परित्यक्ता आणि विधवा बायकांची नोंद सासरच्या घरात न धरता वेगळी करायची, कारण रेशनकार्डावर नाव नाही म्हणून त्या दोन्ही यादीतून गळतात. फॉर्मचा कच्चा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे. तो पानभराचा आहे, तरी मला लांब वाटतो. पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या बाईला किती विचारायचं, यावर जेवणानंतरच्या गटचर्चेत बोलू.